द्राक्षबागेतले गंधक आणि सिसिलीच्या भट्ट्या

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत भुरी या बुरशीरोगाची लक्षणे दिसू लागली की वडील गंधकाचे पोते उघडतात, आणि धुरळणीच्या त्या पिवळ्या भुकटीचा वास पुढे दोन दिवस त्यांच्या सदऱ्याला येत राहतो. म्हणूनच सिसिलीला जायचे ठरले तेव्हा एक पूर्ण दिवस मी फ्लोरिस्टेल्ला या गंधकाच्या बंद खाणीसाठी राखून ठेवला.

कातानियाहून निघून एन्ना जिल्ह्यातल्या वाल्गुआर्नेरा गावाजवळ पोहोचलो, तेव्हा प्रथम पिवळे असे काहीच दिसले नाही. पांढुरक्या मातीच्या टेकड्या, उंचावर खाणमालक पेन्निसी घराण्याचा वाडा आणि खाली खाणीत उतरणाऱ्या विहिरींच्या तोंडावर उभे असलेले गंजलेले लोखंडी मनोरे, एवढेच दिसत होते. ही खाण १९८६ मध्ये बंद झाली.

माझा बहुतेक वेळ गेला तो 'काल्कारोने' या जुन्या भट्ट्यांपाशी. उतारावर खोदून दगडांनी बांधून काढलेली ही भट्टी आपल्याकडच्या एखाद्या रुंद, उथळ विहिरीसारखी दिसते, फक्त तिचा तळ एका बाजूला कललेला असतो. त्यात खनिजाचे दगड रचायचे, वरून जळक्या चुऱ्याचा थर देऊन ढीग झाकायचा आणि तो पेटवायचा. वेगळे सरपण लागत नसे, कारण गंधकच जळत असे आणि त्याच्या उष्णतेने उरलेले गंधक वितळून खालच्या भोकातून साच्यांत उतरत असे. या भोकाला कामगार 'मोर्ते', म्हणजे मृत्यू, म्हणत. या पद्धतीत जवळपास एक तृतीयांश गंधक धूर होऊन जाई आणि तो धूर आसपासची पिके जाळून टाकी. पिकाच्या रक्षणासाठी गंधक वापरणाऱ्या घरातल्या माणसाला ही गोष्ट विशेष लागते.

जमिनीखालून खनिज वर आणणारे बहुतेक लहान मुलगे असत. त्यांना 'कारूसी' म्हणत. मुलाच्या कामावर आईबापांना आगाऊ रक्कम मिळे आणि ती फिटेपर्यंत मुलगा खाणकामगाराशी बांधला जाई. ऊसतोडीची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. काल्तानिस्सेत्ताजवळच्या जेस्सोलुंगो खाणीत १८८१ च्या नोव्हेंबरात स्फोट होऊन ६५ जण गेले, त्यांत १९ कारूसी होते. फ्लोरिस्टेल्लातल्या एका उतरत्या बोगद्याच्या तोंडाशी मी बराच वेळ उभा होतो. पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की रिकाम्या हातांनीही भिंत धरावी लागली असती.

त्या काळी जगाला लागणारे बहुतांश गंधक सिसिलीतून जाई. सोडा आणि कापड उद्योगाला गंधकाम्ल हवे असे आणि त्याचा सर्वांत मोठा ग्राहक होता इंग्लंड. १८३८ मध्ये नेपल्स आणि सिसिलीचा राजा दुसरा फर्डिनांड याने या व्यापाराचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला, तेव्हा इंग्रजांनी १८४० मध्ये आरमार पाठवून नेपल्सची जहाजे पकडली आणि राजाला मक्ता रद्द करावा लागला. पुढे १८५० च्या दशकात युरोपच्या द्राक्षमळ्यांवर भुरी पसरली, तिच्यावर गंधकाची धुरळणी लागू पडली आणि मागणी आणखी वाढली. आमच्या बागेतल्या उपायाचे मूळ इतके जुने आहे, हे मला इथे येण्याची तयारी करतानाच कळले.

सिसिलीची ही सद्दी मोडली ती अमेरिकेत. १८९४ मध्ये हर्मन फ्राश यांनी लुइझियानात अतितप्त पाणी जमिनीत सोडून गंधक खालीच वितळवले आणि नळाने वर काढले. आज तर बहुतेक गंधक कच्चे तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळते. मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतूनही ते निघते. त्याचा मोठा भाग गंधकाम्लात आणि तिथून फॉस्फेटयुक्त खतांत जातो, म्हणजे डीएपीच्या गोणीमागेही गंधक आहेच.

परतताना भट्टीच्या कडेला बोराएवढा पिवळा खडा सापडला. गंधकातून उष्णता सहज पसरत नाही, त्यामुळे हाताच्या उबेने त्याचा पृष्ठभाग फुगतो आणि आतून तडे जातात, असे वाचले होते. तो मुठीत धरून कानाशी नेला, तर बारीक तडतड स्पष्ट ऐकू आली. खडा तिथेच ठेवला आणि बोटे हुंगून पाहिली. वडिलांच्या सदऱ्याला येतो तोच वास होता.