ग्रिमाल्दी आडनावाचा माग : मोनॅकोच्या राजघराण्याची वंशावळ तपासताना (माझा अनुभव)

मोनॅकोच्या ग्रिमाल्दी घराण्याची वंशावळ नेटवर हवी तितकी सापडते. बहुतेक ठिकाणी १२९७ पासून आजच्या अल्बर्ट दुसऱ्यापर्यंत एकच सरळ रेघ ओढलेली असते. ती रेघ कागदांशी ताडून बघायची तर खालून वर जावं लागतं. वरून सुरुवात केली की गादीवर बसलेल्यांची यादी हीच वंशावळ वाटायला लागते. पण गादीवर कोण बसलं आणि कोण कुणाच्या पोटी जन्मलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या घराण्यात तर फारच वेगळे.

क्रमांकासाठी मी सोसा पद्धत घेतली. नियम एवढाच : ज्याची वंशावळ काढायची तो १, कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचा बाप, आणि दुप्पट अधिक एक म्हणजे आई. अल्बर्ट दुसरा १, रेनियर तिसरा २, ग्रेस केली ३. या पद्धतीचा एक फायदा फारसं कुणी सांगत नाही. निव्वळ बापाकडून बापाकडे जाणारी वाट १, २, ४, ८, १६ अशीच जाते. ज्याच्या नावावरून आडनाव आलं असं म्हणतात तो पूर्वज या आकड्यांत बसत नसेल, तर मधे कुठेतरी आडनाव बाईच्या वाटेने आलंय हे कागद उघडण्याआधीच कळतं. ग्रिमाल्दींचं तसंच आहे. ४ हा क्रमांक पिएर द पोलिन्याक यांचा, आणि ग्रिमाल्दी रक्त येतं ५ वरून, म्हणजे त्यांची बायको शार्लट हिच्याकडून. तिथून वर १० लुई दुसरा, २० अल्बर्ट पहिला, ४० शार्ल तिसरा, ८० फ्लोरेस्तां, १६० ओनोरे चौथा, ३२० ओनोरे तिसरा. ३२० च्या वर पुन्हा तोच प्रकार : ६४० झाक गोयों द मातिन्यों, ६४१ लुईझ-इपोलित. जन्माने ग्रिमाल्दी आहे ती ६४१, आणि तिचा बाप आंत्वान पहिला १२८२.

असे सांधे, म्हणजे आडनाव बाईच्या वाटेने येतं त्या जागा, कळले की मधल्या पिढ्यांच्या जन्मनोंदींवर वेळ घालवायची गरज नाही. शोधायचा तो आडनाव बदलणारा कागद. जन्मनोंद बाप कोण ते सांगते. नाव कुठल्या अटीवर बदललं ते करारात, मृत्युपत्रात किंवा फर्मानात असतं.

पहिला सांधा १९२० चा. पिएर यांचा जन्म १८९५ मध्ये ब्रिटनीतल्या एनबों गावाजवळच्या केर्स्कां वाड्यावर झाला. बाप माक्सांस द पोलिन्याक (८), आई मेक्सिकोच्या दे ला तोर्रे इ मिएर घराण्यातली सुसाना (९). मार्च १९२० मध्ये लग्नाच्या तोंडावर फर्मान निघालं आणि पिएर पोलिन्याकचे ग्रिमाल्दी झाले. मोनॅकोची अशी फर्मानं शोधायची ती सरकारी राजपत्रात, ‘झुर्नाल द मोनॅको’त; ते १८५८ पासून निघतंय. आपल्याकडे घरजावई सासऱ्याच्या घरी राहिला तरी आडनाव स्वतःचंच लावतो. इथे आडनाव आणि ढालीवरचं चिन्हसुद्धा सासरचं घ्यावं लागलं. गंमत म्हणजे पोलिन्याक हे नावही असंच आलेलं आहे. मूळ पोलिन्याक घराण्यात पुरुष वारस उरला नाही, तेव्हा मुलीच्या वाटेने जहागीर शालांसों घराण्याकडे गेली आणि त्यांनी पोलिन्याक नाव उचललं. म्हणजे १, २, ४, ८ या वाटेने चिकाटीने वर गेलात तर शेवटी शालांसों हाती लागतात.

शार्लटची नोंद सगळ्यात किचकट. तिचा जन्म ३० सप्टेंबर १८९८ चा, अल्जीरियातल्या कॉन्स्टँटाइन शहरातला. आई मारी झ्युलिएत लूवे. लुई दुसऱ्याचं तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे या जन्माचा माग ग्रिमाल्दी नावाने काढून उपयोग नाही. लूवे हे नाव घ्यायचं आणि अल्जीरियाच्या नोंदींत जायचं. त्या फ्रान्सच्या एक्स-आं-प्रोव्हान्स इथल्या वसाहतींच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. फ्रेंच नोंद वाचताना कडेचा समास वाचायला विसरायचं नाही. लग्न, पितृत्वाची कबुली असल्या गोष्टी मागाहून समासातच लिहितात.

पुढचे कागद तारखेने लावले की आपोआप उलगडतात. १९११ मध्ये तिला मुलगी म्हणून मान्यता दिली, पण ती १८८२ च्या घराण्याच्या नियमांत बसत नाही म्हणून बाद ठरली. लुईला दुसरं अपत्य नव्हतं. नियमाने पुढचा हक्कदार होता उराखचा ड्यूक विल्हेल्म, फ्लोरेस्तांच्या मुलीचा मुलगा, आणि तो जर्मन. पहिलं महायुद्ध चालू असताना फ्रान्सला हे परवडणारं नव्हतं. १७ जुलै १९१८ च्या तहात लिहून घेतलं की गादी फक्त फ्रेंच किंवा मोनॅकोच्या नागरिकाकडेच जाईल, तीही फ्रान्सच्या संमतीने. ऑक्टोबरमध्ये नियम बदलून दत्तकाची सोय केली आणि मे १९१९ मध्ये शार्लटचं दत्तकविधान झालं. बापाने पोटच्या पोरीला दत्तक घेतलं! ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या मोफत प्रोग्रॅममध्ये इथे घोटाळा होतो : ‘दत्तक’ एवढंच निवडलं तर रक्ताच्या वंशावळीतून १० च्या वरची अख्खी फांदी गळते. नातं ‘जन्म’ असंच ठेवायचं आणि दत्तकविधान ही तारखेसह वेगळी घटना म्हणून लावायची. झाक आणि पिएर यांच्यासाठीही असंच. मुख्य नाव जन्माचं, आणि ग्रिमाल्दी हे पर्यायी नाव तारीख टाकून. उलट केलंत तर दोन पिढ्यांनी तुम्हीच गोंधळाल.

दुसरा सांधा १७१५ चा, आणि माझ्या मते खरा बदल इथलाच आहे. आंत्वान पहिल्याला सगळ्या मुलीच. थोरली लुईझ-इपोलित हिच्यासाठी तो असा जावई शोधत होता, जो पैसाही आणील आणि स्वतःचं नावही सोडील. नॉर्मंडीत बस्तान बसवलेल्या, मूळच्या ब्रिटनीच्या गोयों द मातिन्यों घराण्यातला झाक दोन्हींना तयार झाला. लग्न २० ऑक्टोबर १७१५ ला झालं. आंत्वानचा भाऊ धर्मगुरू होता, त्याने आपला हक्क सोडला. आंत्वान फेब्रुवारी १७३१ मध्ये वारला, लुईझ-इपोलित गादीवर बसली आणि त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला देवीच्या साथीत गेली. झाकने नोव्हेंबर १७३३ पर्यंत गादी सांभाळली, मग मुलाच्या, ओनोरे तिसऱ्याच्या, हाती देऊन पॅरिसला राहिला. तिथला त्याचा वाडा म्हणजे ओतेल मातिन्यों. आज फ्रान्सचे पंतप्रधान त्यात राहतात. ज्याने हे नाव सोडलं त्याच्याच दारावर ते टिकलं.

या काळासाठी १७२६ ते १७३३ दरम्यान निघालेले पेर आन्सेल्म यांचे फ्रेंच सरदारघराण्यांच्या वंशावळींचे नऊ खंड उपयोगी पडतात, पण सरदारांचे भाऊबंद त्यात एकाच नावाच्या चार-चार स्पेलिंगांनी येतात. गोयों आणि गूयों हे एकच आडनाव, तसंच तोरिन्यी आणि थोरिन्यी ही त्यांची एकच जहागीर. शोधताना प्रत्येक रूप टाकून बघावं. राज्यक्रांतीनंतर आणखी एक अडचण : मोनॅको १७९३ ते १८१४ फ्रान्समध्ये होतं, आणि १८०५ संपेपर्यंत नोंदी क्रांतीच्या पंचांगात आहेत. ओनोरे तिसऱ्याच्या धाकट्या सुनेचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला तो ९ थर्मिडोर, वर्ष २ रोजी, म्हणजे २७ जुलै १७९४. महिन्याची अदलाबदल डोक्यात न करता तक्त्यावरूनच करावी, कारण वर्ष सप्टेंबरात पालटतं. त्याहून मागे, १५६४ च्या फर्मानापर्यंत, फ्रेंच दरबारी कागदांत वर्ष ईस्टरला बदलायचं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनेवर आदलं वर्ष दिसलं तर ती चूक समजू नये.

१२८२ पासून वर मात्र सरळ चढण आहे : लुई पहिला २५६४, एर्क्यूल ५१२८, १६१२ पासून प्रिन्स म्हणवून घेणारा ओनोरे दुसरा १०२५६, आणि असं करत लांबेर १६४०९६. त्याची बायको क्लोदीन, १६४०९७, हा तिसरा सांधा. मोनॅकोची वारस ती, पण १४६५ मध्ये लग्न लावलं ते आंतीबच्या शाखेतल्या ग्रिमाल्दीशीच, म्हणून इथे आडनाव बदलावं लागलं नाही. पुढच्या दोन्ही सांध्यांची किल्ली मात्र याच काळात आहे : तिच्या आजोबांचं, जां पहिल्याचं, १४५४ चं मृत्युपत्र. पुरुष वारस नसेल तर मुलीला गादी, पण तिच्या वंशाने ग्रिमाल्दी नाव आणि चिन्ह लावायचं. त्या शतकाचे कागद वाचायचे तर गुस्ताव्ह सेज यांनी राजवाड्याच्या अभिलेखागारातून छापलेले खंड आधी धरावेत. हस्तलिखिताच्या नादी नंतर लागावं.

८ जानेवारी १२९७ ला साधूच्या वेषात मोनॅकोचा किल्ला घेणारा फ्रांचेस्को ‘मालित्सिया’ मोनॅकोच्या राजचिन्हात ढालीशेजारी असलेल्या दोन तलवारधारी साधूंमुळे अमर झाला, आणि त्यामुळेच हौशी वंशावळींत मूळ पुरुष म्हणून बसवला जातो. त्याला मूल नव्हतं. गादी पुढे गेली ती त्याचा चुलतभाऊ आणि सावत्र मुलगा रेनियर पहिला याच्या वंशात. फ्रांचेस्कोच्या खाली रेघ ओढलेली दिसली की ती वंशावळ बाजूला ठेवावी.

आडनाव त्याच्याही आधीचं. जिनोआचा ग्रिमाल्दो कनेल्ला बाराव्या शतकात तिथला कॉन्सुल, म्हणजे शहराच्या कारभाऱ्यांपैकी एक, होता. त्याच्या नावावरून मुलं-नातवंडं ग्रिमाल्दी झाली. त्याचा बाप ओत्तो कनेल्ला ११३३ मध्ये कॉन्सुल. ओनोरे दुसऱ्याच्या पदरच्या माणसाने १६४७ मध्ये पॅरिसला छापलेली वंशावळ इथे थांबत नाही. आपल्याकडच्या भाटांनी कुळं सूर्यवंशाला नेऊन भिडवली तशी ती फ्रँक राजवाड्याचा कारभारी ग्रिमोआल्द याच्यापर्यंत जाते, आणि आधार म्हणजे नावातलं साम्य एवढाच. तिच्यातल्या पिढ्या आजही नेटवरच्या झाडांत तयार मिळतात, एका टिचकीसरशी आपल्या झाडात येतात. ओत्तोच्या वरची चौकट मी रिकामी ठेवली आहे.