टाचेतला दोरा

पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारच्या यात्रेला आमच्याकडून बाबाच जायचे. नागपंचमीच्या आठ-दहा दिवस आधी नागपूरच्या महाल भागातल्या घरात त्यांची खाकी पिशवी खुंटीवरून उतरायची: दोन नारळ, कापूर, शेंदूर, लिंबं, सुकी चटणी आणि पावसात अंगावर घ्यायची घडी घातलेली पन्नी. गुडघे गेल्यापासून पिशवी खुंटीलाच होती. यंदा त्यांनी ती माझ्या पुढ्यात आणून ठेवली. मी देव-देव करणारा नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तसं म्हणालो, तर म्हणे, "तुले भक्ती कर कोण म्हणून राह्यलं? चालून ये म्हटलं."

आणखी एक सांगितलं होतं: जुनी चप्पल घाल. मी सीताबर्डीवरून नवे बूट घेतले.

गणेशपेठेतून रात्रीची गाडी. सावनेर गेलं, जामसावळीच्या मारुतीला खिडकीतूनच हात जोडले. सौंसरला पाट्या हिंदी झाल्या, चहावाला मात्र मराठीतच "किती?" म्हणाला. सिल्लेवानी घाटात मागच्या बाकावरचं पोट्टं माझ्या खांद्यावर ओकलं. छिंदवाडा, तामिया झोपेत गेलं. पचमढीत उतरलो तेव्हा पाऊस असा होता की आभाळ कुठं संपतं आणि रस्ता कुठं सुरू होतो ते कळेना.

जळगलीपासून पायवाट. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, एरवी ही वाट बंदच; वर्षातले हे दहाएक दिवस काय ते पाय ठेवता येतो. म्हणून अख्खा विदर्भ एकाच वेळी एकाच फूटभर रुंद वाटेवर. समोरच्याची काठी आपल्या नडगीला, आपली मागच्याच्या. वरून येणारे ओरडतात, "एक नमन गौरा पार्वती", आणि खालचे धापा टाकत पूर्ण करतात, "हर बोला हर हर महादेव". पहिल्या तासात मीही ओरडलो. दुसऱ्या तासात ओठ हलवले. तिसऱ्या तासात वाटलं, हा मागचा माणूस जरा गप्प बसेल तर बरं.

हवेचा तर भरवसाच नाही. धारेवर चढलो की पन्नी अंगाला चिकटून आत घामाची आंघोळ. पन्नी काढली की दोन मिनिटांत सर. मध्येच ढग फाटला आणि धूपगडचा कडा एकदम समोर उभा राहिला, ओला, काळा, जागोजाग पाणी सुटलेला. १३५० मीटर, सातपुड्यात त्याहून उंच काही नाही. सगळी रांग थांबली. कोणीतरी "आहाहा" म्हटलं, कोणीतरी मोबाइल काढला, तोवर धुकं आलं आणि कडा गेला. मोबाइलमध्ये नुसता पांढरा चौकोन.

काजळी गावाच्या पुढं कुठंतरी टाचांनी जीव सोडला. उजवीचा फोड रुपयाएवढा. शेवाळलेल्या वालुकाश्मावर उतरताना टाच आधी टेकावी लागते, आणि ती टेकवत नव्हती म्हणून दोनदा आपटलो. शेवटी वाटेकडेच्या दगडावर बसलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देत होता. "बसू नका भगत, पाय धरतात." "बूट काढू नका, मंग जात नाहीत." "पहिल्यांदा हाय काय?" एकानं हळदीचा उपाय सांगितला आणि हळद न देता निघून गेला. सोबत आलेला मावसभाऊ पुढं निघून गेलेला. बाबांचा राग आला. एकोणीस वर्षं ते या वाटेवर आले आणि एकदाही घरी म्हणाले नाहीत की दुखतं.

मग ती बाई थांबली. साठीची असेल, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं लाल, पाय अनवाणी. काही विचारलं नाही. "काढ तो बूट" म्हणाली आणि माझ्या समोर चिखलातच फतकल मारून बसली. मला संकोच वाटला, एवढ्या मोठ्या बाईपुढं पाय कसा करायचा. तिनं घोटा धरून ओढलाच.

कमरेच्या बटव्यातून सुई निघाली, लाल दोरा ओवलेली. खोबरेल तेलाच्या बाटलीत बुडवली. एका बाजूनं फोडात घातली, दुसऱ्या बाजूनं काढली. दोरा दातानं तोडला आणि दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवली. पाणी दोऱ्यावरून थेंब-थेंब उतरायला लागलं.

"दोरा काढू नोको. कातडं त बिलकुल उपटू नोको. उपटलं का मेला."

दुसऱ्या टाचेकडं वळताना तिच्या बटव्यातून एक डबी घरंगळली. पितळेची, दोऱ्यानं आवळून बांधलेली. काजळ. मग विचारायचं काही उरलंच नाही. काजळाचा नवस कशासाठी असतो ते या वाटेवर सगळ्यांनाच माहीत. लेकीसाठी, म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली. काजळ घरीच धरलं, तुपाच्या दिव्यावर. गाव नरखेडच्या बाजूला.

मी शहाणपणा केलाच. "मावशी, डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं ना. दोनदा नागपूरले नेलं." सुई टोचत म्हणाली, "तुह्या टाचेले आला होता काय इथं डॉक्टर?"

मी हसलो, ती नाही हसली. सुई पदराला पुसून ठेवली, उठली, आणि "चाल, घाल बूट" म्हणून रांगेत शिरली. तिची हिरवी पन्नी वळणापर्यंत दिसली.

पद्मशेषला तीन तास रांग. गुहेत वाकून जायचं, वरून पाणी, कापराच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. बाबांचं नाव घेऊन नारळ ठेवला. वाटलं होतं काहीच होणार नाही. गळा दाटला. धूर होता तिथं, तेही खरं. मागून कोणीतरी "चला, चला" करून ढकललं आणि मी बाहेर.

खाली भंडारा. नागपूरचीच मंडळी दरसाल डोक्यावर शिधा वाहून आणतात, त्या पावसात गरम पुरी-भाजी हातावर पडली तेव्हा मी खरंच हात जोडले. तिथंच ती पुन्हा दिसली. चार पुऱ्या पिशवीत टाकत होती. वाढणारा तरुण पोरगा तिच्यावर खेकसला, "ओ बाई, इथं बसून खायचं, बांधून न्यायचं नाही." सगळे बघायला लागले. ती म्हणाली, "मागं म्हातारी बसली हाय, तिले चढवत नाही." त्यानं ऐकलं नाही. दोन पुऱ्या परत घेतल्या.

मी दहा फुटांवर होतो. माझ्या पत्रावळीत पाच पुऱ्या होत्या. तोंडात घास होता असं मी स्वतःला सांगितलं. घास गिळेपर्यंत ती गेली होती, आणि माझ्या टाचा तिच्यामागं धावण्याच्या नव्हत्या, हेही सांगितलं.

स्वर्गद्वार, चिंतामणी झालं. लोखंडी शिड्या, लिंबू वर फेकलं, अंधार पडला. परतीची चढण टॉर्चच्या उजेडात. हिरवी पन्नी दिसली की मी पुढं होऊन बघायचो. हिरव्या पन्न्या शंभर होत्या.

घरी आल्यावर बाबांनी आधी पायच बघितले. बुटांबद्दल काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. दोरा सुकून कातड्यात रुतला होता. आईनं कोमट पाण्यात पाय ठेवायला लावला, चष्मा चढवला आणि टोक चिमटीत धरून ओढलं. कळ थेट डोक्यात गेली. शिवी यायची, तर तोंडातून निघालं, "एक नमन गौरा पार्वती!"

आतल्या खोलीतून बाबांनी उरलेलं पूर्ण केलं.