तिसरं किचन

माझ्या बेकिंगच्या कामासाठी आज तिसरं किचन बघून आले. पहिल्या दोनांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. हे मात्र दारातूनच आवडलं. खिडकीतून लख्ख उजेड, लांबलचक ओटा. मिक्सर कुठे ठेवायचा तेही मी मनातल्या मनात ठरवून टाकलं!

मग मालकांना विचारलं, "ओव्हनसाठी वेगळी लाइन आहे का?"
"प्लग आहे ना!"

माझा ओव्हन ३ किलोवॅटचा. २३० व्होल्टवर १३ अँपिअर, तेही तासन् तास. त्यांच्या त्या एकुलत्या प्लगवर आधीच फ्रिज चालू, आणि प्लगची कड पिवळी पडून जराशी वितळलेली. मला तिथेच घाम फुटला.

ओटाही फार खाली. रिकाम्या ओट्यावर पीठ मळायचं नाटक करून पाहिलं (मालक बघतच राहिले), दोन मिनिटांत कंबर बोलायला लागली. सिंक एकच, म्हणजे हात आणि खरकटी भांडी एकाच ठिकाणी.

आणि ज्या खिडकीवर भाळले होते, तिचं ऊन दुपारी थेट ओट्यावर. बटर ३२ अंशांच्या आसपास पाघळायला लागतं, तिथे आयसिंग काय तग धरणार?

"कळवते" म्हणून निघाले. उद्या चौथं बघायचंय. मोजायची टेप पर्समध्येच आहे.