आमची वाटचाल : पंक्चरच्या टाकीपासून पावडर कोटिंगच्या भट्टीपर्यंत

कुर्ल्यातील आमच्या गाळ्यात सुरुवातीला पंक्चर काढणे आणि चाकांचे बॅलन्सिंग एवढीच कामे होत असत. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांतून येणाऱ्या काही गाड्यांची एक तक्रार मात्र आम्हाला दर वेळी निरुत्तर करीत असे : चाकातली हवा आठवडाभरात कमी होते, पण टायरमध्ये खिळा काही सापडत नाही. एकदा असे चाक पाण्याच्या टाकीत बुडवून मी बराच वेळ निरखत बसलो, तेव्हा टायर रिमला जिथे घट्ट बसतो त्या कडेतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येताना दिसले. टायर उतरवल्यावर आतल्या कडेवर चुन्यासारखी पांढरी पूड धरलेली आढळली आणि ती खरवडली तेव्हा खालचे खड्डे नखाला लागले. अलॉय व्हील, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, दुरुस्त करण्याचा आमचा आजचा व्यवसाय त्या खड्ड्यांतून उभा राहिला.

अलॉय व्हीलला गंज चढत नाही, हा समज अजूनही फार पक्का आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला येत नाही, एवढेच खरे. अॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. परंतु खाऱ्या हवेतील क्लोराइड हा थर जागोजागी भेदते, आणि खडी उडून किंवा फुटपाथला घासून लॅकरवर, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक संरक्षक थरावर, बारीक चरा पडला असेल, तर ओलावा तेथून शिरून लॅकरखाली अळीसारख्या नागमोडी रेषांनी पसरत जातो. बॅलन्सिंगसाठी कडेवर ठोकलेल्या पोलादी वजनांखाली ही झीज आणखी वेगाने होते, कारण दोन भिन्न धातूंमध्ये खारे पाणी साचते. म्हणून आम्ही शक्य तेथे चिकटवायची वजनेच वापरतो.

दुरुस्तीच्या पहिल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. डाग घासायचे, लांबी (पुट्टी) भरायची आणि वरून रंग मारायचा, एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. पावसाळा सरताना एक काका चारही चाकांवर आलेले फोड दाखवायला आले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘अहो, रंग तुमचा छानच होता, पण आतला रोग तसाच राहिला.’’ ती चाके आम्ही विनामूल्य पुन्हा केली आणि तेव्हापासून उघड्या धातूपर्यंत गेल्याशिवाय एकही काम हाती घेतले नाही.

आता टायर उतरवून जुना रंग पूर्ण काढला जातो, खड्डे घासून सपाट केले जातात, रंग धरून राहावा यासाठी रासायनिक प्रक्रिया होते आणि मग पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या रंगपुडीचा थर, सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. भट्टीचे तापमान आणि वेळ यांत आम्ही तडजोड करीत नाही, कारण चाकाची ताकद कारखान्यातील उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि जास्त तापवल्यास ती घटते. नट बसण्याच्या जागा झाकून ठेवतो. तेथे जाड थर राहिला तर तो दबून नट सैल पडू शकतात. तडा गेलेले चाक मात्र आम्ही वेल्डिंग करून देत नाही. ग्राहक कितीही नाराज झाला तरी त्याला परत पाठवतो.

लेथवर कापून चकचकीत केलेल्या चाकांची चिंता मला सर्वाधिक वाटते, कारण त्या भागावर केवळ पारदर्शक लॅकर असते आणि प्रत्येक नव्या कापणीत थोडा धातू जातो. अशा ग्राहकांना मी मे महिन्यातच बोलावून घेतो. आम्ही चरे तपासतो, टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतो आणि ब्रेकची काळी धूळ आठवड्यातून एकदा, चाक थंड असताना, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवायला सांगतो. चाके झटपट चमकवणारी आम्लयुक्त द्रावणे लॅकर खातात, हेही त्याच वेळी समजावतो.