आमची वाटचाल : आधी फडकी मोजू, मग आकडा सांगू

अमळनेरमध्ये कुणी उद्योग काढला की त्याला पहिल्यांदा विप्रोचा दाखला मिळतो. 1945 साली याच गावात वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी ती कंपनी निघाली आणि इथल्या कित्येक घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले. आम्ही बिबडे (ज्वारीचे खान्देशी पापड) आणि पापड यांचा गृहउद्योग सुरू केला तेव्हाही येणारा-जाणारा सांगायचा, "स्वप्न मोठं ठेवा, वहिनी." मोठ्या स्वप्नाला माझी ना नाही. पण ती कंपनी संगणकाकडे वळली ती तुपानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, हेही लक्षात ठेवावं. मला रोज पडणारा प्रश्न वेगळा असतो : या उन्हाळ्यात आपल्या हातून किती होईल?

बिबडे कसे होतात ते पाहिलं की हा प्रश्न कळतो. दादर ज्वारी सडायची, भिजत घालून आंबू द्यायची, दळायची. पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची, मीठ घालून घाटा शिजवायचा. तो गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर पाण्याचा हात लावून थापायचा. गार झाला की कडेने चिरा पडतात. दहाच्या आत सगळं उरकावं लागतं, कारण नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. वाळले की फडकं उलटं करून मागून पाणी मारायचं आणि एकेक बिबडा अलगद सोडवायचा. ऊन अर्धवट मिळालं तर मालाला आंबूस वास लागतो.

म्हणून आमचं लक्ष्य आम्ही फडक्यांत मोजतो. एक बाई सकाळभरात किती फडकी भरते, उन्हाचे दिवस किती, त्यातून लग्नतिथींचे किती वजा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे तर आम्ही काहीच धरत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. त्या दिवसांत बायांना कामावर बोलावणारी मी कोण? वर अवकाळी पावसासाठी थोडी फडकी सोडून ठेवायची. हे सगळं वजा करून उरतं ते आमचं लक्ष्य. तो आकडा ऐकायला लहान वाटतो, पण पुरा होतो.

याची खरी परीक्षा सुरतेच्या ऑर्डरने घेतली. सुरतेच्या उधना भागात आपली खान्देशी माणसं भरपूर, आणि अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेलाइनवरच, त्यामुळे माल पाठवणं सोपं. तिथल्या एका व्यापारी दादांनी एका मोसमासाठी 10 क्विंटल बिबडे मागितले. रक्कम ऐकून घरात दुसरं बोलणंच राहिलं नाही. सासूबाईंनी फडक्यांचा हिशेब केला आणि म्हणाल्या, "माय वं, इतलं कसं व्हई?" मी दादांना कळवलं : 4 क्विंटल देते, दर पंधरा दिवसांनी एक, त्यात खंड पडणार नाही. ते नाराज झाले, पण हो म्हणाले. मधे वादळी पाऊस येऊन गेला तरी एकही खेप लांबली नाही. पुढच्या मोसमात त्यांचाच फोन आला, "वहिनी, तुम्हाला जमेल तेवढं सांगा." त्या फोनचा मला आजही अभिमान वाटतो.

मग बायांनीच विचारलं, ताई, हा हिशेब आमच्या घरच्या गोष्टींना लावता येईल का? आता भिंतीवरच्या फळ्यावर एका बाजूला मालाचा आकडा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकीची एक गोष्ट. एकीला मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, एकीला घरावरचे पत्रे बदलायचे आहेत. आक्कांना बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची होती. नियम एकच : ती गोष्ट रोजच्या कुठल्या तरी कामाला बांधायची. फीवाली शनिवारी हातात पैसे पडले की घरी जाण्याआधी पोस्टाच्या आरडीचे वेगळे काढते. आक्का दिवसाचे पापड वजन करून झाले की वहीत स्वतःचं नाव स्वतः लिहायच्या. आधी ते नाव वहीच्या तीन ओळी खायचं, मग दोन, मग एका ओळीत बसायला लागलं. बँकेतून सही करून आल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. एखादीला जमेना तर आकडा पुसून कमी करतो, गोष्ट मात्र पुसत नाही. पत्र्यांचं दोनदा पुढे ढकललंय आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हिवाळ्यात कळण्याचं पीठ चालतं. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत शेताशेतांवर भरीत पार्ट्या रंगतात आणि भरिताबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी हवीच. रिकामे महिने त्यामुळे कमी झाले. पावसाळा मात्र अवघडच जातो.

कर्ज घेताना तोच पावसाळा डोळ्यांपुढे ठेवला. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत तेव्हा पात्र खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळत होतं, जास्तीत जास्त 10 लाख. आणखी मोठं यंत्र घ्या, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आम्ही हप्ता बसवला तो श्रावणातल्या विक्रीवर, चैत्रातल्या नव्हे; आणि त्यात बसेल तेवढंच घेतलं : एक पल्व्हरायझर (दळण्याचं यंत्र) आणि एक सोलर ड्रायर. ड्रायरमध्ये पापड छान वाळतात. बिबड्यांना अजून गच्चीच बरी.

येत्या मोसमाचा आकडा फळ्यावर लागला आहे, 6 क्विंटल. सुरतेला कळवलंय. दादांना 8 हवे होते.