मोटर कोनी चालू करी?

डिसेंबरातली गोष्ट. लग्नाच्या तिथी सुरू होत्या आणि माझ्या टेबलावर सात लग्नांचं फुटेज पडून होतं. जळगावात माझी एडिटिंगची खोली आहे, एका जिन्याने वर, रेल्वे लाइनीपासून फार लांब नाही. लग्नं, अहिराणी गाणी आणि निवडणूक आली की प्रचाराच्या क्लिपा यांवर खोलीचं भाडं निघतं. त्या दिवशी मात्र मी सगळं बाजूला ठेवलं होतं. अमळनेरहून सकाळच्या गाडीने एक मुलगा हार्ड डिस्क घेऊन येणार होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलाने काकांच्या विहिरीवर पाच रात्री शूटिंग करून 22 मिनिटांचा सिनेमा केला होता. जातकुळी सायकॉलॉजिकल थ्रिलरची. हिरो म्हणजे त्याचे काकाच, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले. गोष्ट एवढीच, की एक शेतकरी रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी भरायला जातो आणि एका रात्री तो विहिरीवर पोचतो तेव्हा मोटर आधीच चालू असते. तिथून पुढे त्या माणसाचा स्वतःवरचाच भरवसा हळूहळू झिजत जातो.

"ताई, पहिली तीन मिनिटं जमत नाहीयेत," तो म्हणाला. "बाकी कसंही निभेल."

पहिली तीन मिनिटं जमली नाहीत तर बाकीचं काहीच निभत नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. इतर सिनेमांना सुरुवात फसली तरी पुढे सावरून घेता येतं. मनाचा खेळ मांडणाऱ्या सिनेमाला ती सवलत नाही. प्रेक्षकाने कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, हे तिथेच ठरतं.

त्याने स्वतः लावलेली सुरुवात 3 मिनिटं 40 सेकंदांची होती. अंधारात धावणारे पाय, धापा टाकण्याचा आवाज, कुत्र्याचं रडणं, टॉर्चचा झोत, विहिरीचं काळं पाणी, मध्येच आप्पांचे डोळे. छेचाळीस कट आणि खाली ढोलासारखं धडधडणारं संगीत. आणि शेवटी चालू मोटर, पाइपातून पाटात कोसळणारं पाणी. मेहनत दिसत होती. भीतीचं सगळं सामान जमवलेलं होतं, फक्त भीती कशाची ते कळत नव्हतं. मी दोनदा पाहिलं आणि नेमकं काय चुकतंय ते मला बोटावर दाखवता येईना.

दुपारी नाना डबा घेऊन आले. नाना म्हणजे माझे वडील. हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असली की ते डबा स्वतः आणतात, कुणाबरोबर पाठवत नाहीत. मुलाने त्यांना आग्रहाने खुर्चीवर बसवलं आणि सुरुवात दाखवली. नानांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "ऑटोवर व्हई."

मुलाला कळलंच नाही. मला कळलं आणि पोटात खड्डा पडला.

शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्री-बेरात्री उठून कुणी जायचं म्हणून लोक स्टार्टरला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. हल्ली तर सिमकार्ड टाकलेले मोबाईल स्टार्टर आलेत, घरातून फोन केला की शिवारातली मोटर चालू. आमच्या भागात ज्याच्या रानात विहीर आहे त्या प्रत्येकाने हा स्टार्टरचा डबा उघडलेला आहे. नानांनी तर तीस-पस्तीस वर्षं उघडला. मोटर आपोआप चालू होणं हा त्यांच्या लेखी चमत्कारही नाही आणि घातपातही नाही. ती रोजची सोय आहे. छेचाळीस कट आणि सगळा ढोल त्यांनी दोन शब्दांत मिटवला होता.

मुलगा हिरमुसला. मला मात्र सकाळपासून जे सापडत नव्हतं ते सापडलं. थ्रिलर पाहणारा माणूस समोरच्या विचित्र घटनेला आधी साधं कारण शोधतो. वारा असेल, मांजर असेल, कुणी विसरलं असेल. ते त्याच्या मनाचं स्वतःला सांभाळणं असतं. सुरुवातीच्या दृश्यांनी ही साधी कारणं एकेक करून काढून घ्यायची असतात, तीही काढून घेतोय हे जाणवू न देता. एकही साधं कारण उरलं नाही की मगच प्रेक्षक त्या माणसाच्या चेहऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. आमच्या सुरुवातीत सगळी दारं सताड उघडी होती.

मुलाने लगेच उपाय सुचवला. बायकोच्या तोंडी एक वाक्य घालू, "आपला ऑटो जळला ना हो?" मी नको म्हणाले. पात्र बोलतं ते प्रेक्षक नुसतं ऐकून घेतो, हात करतात त्यावर विश्वास ठेवतो. शिवाय असं वाक्य आलं की हे आपल्याला मुद्दाम सांगितलं जातंय, हा वास येतोच. मी त्याला हिचकॉकच्या 1960 सालच्या 'सायको'ची सुरुवात आठवायला सांगितली. पडद्यावर शहराचं नाव येतं, फिनिक्स, मग वार आणि तारीख, शुक्रवार 11 डिसेंबर, आणि मग वेळ, दुपारी 2 वाजून 43 मिनिटं. पावणेतीन नाही, 2 वाजून 43. अजून काहीही घडलेलं नसतं, पण एवढ्या नेमकेपणाने कुणी वेळ सांगितली की आपण सावध होऊन बसतो. आपल्याला आपल्या शिवारातला असा नेमकेपणा हवा होता.

तो विकत मिळत नाही आणि पुन्हा शूटिंगला पैसे नव्हते. म्हणून आम्ही सगळं कच्चं फुटेज पहिल्यापासून पाहायला बसलो. सहा तासांचं होतं. डबा तसाच राहिला.

साडेचारच्या सुमारास चौथ्या रात्रीची एक क्लिप आली. शॉट साधा होता, आप्पा मोटर बंद करतात. त्यांनी लाल बटण दाबलं, मागून मुलाचा "कट" असा आवाज आला, पण कॅमेरा बंद करायचं राहून गेलं होतं. आप्पांना वाटलं काम संपलं. त्यांनी डब्यातले तिन्ही फ्यूज उपसून काढले. चिनी मातीचे ते फ्यूज, ज्यांना सगळे किटकॅटच म्हणतात. एकेक फुंकर मारून बंडीच्या खिशात टाकला, डबा लावला, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली करदोड्याला अडकवली. सगळं मिळून 24 सेकंद. एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. त्या हातांमध्ये वर्षानुवर्षांची रात्र होती.

मी आप्पांना फोन लावला. ते फ्यूज का काढले, विचारलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "रोजच काढस मी," ते म्हणाले. पोरंसोरं बटण दाबतात, कुणाचा हात जाईल, म्हणून.

फ्यूज खिशात असतील तर ऑटो असो की मोबाईल स्टार्टर, मोटर चालू होऊच शकत नाही. दोन्ही दारं एकाच हालचालीने बंद झाली होती, आणि ती बंद करणाऱ्या माणसाला आपण अभिनय करतोय याचा पत्ताही नव्हता. मी तो शॉट कुठेही न कापता सर्वात पुढे ठेवला.

मग भराभर काम सुचत गेलं. पहिल्या पहाटे फ्यूज काढणं, कुलूप, किल्ली, घरी जाणारी पायवाट, सगळं पूर्ण दाखवायचं. दुसऱ्या रात्री तेच, पण निम्म्या वेळात. एकदा पाहिलेला क्रम प्रेक्षक स्वतःच भरून काढतो, आणि भरून काढताना त्याला तो क्रम आपला वाटू लागतो. तिसऱ्या रात्री पुन्हा तीच पायवाट, कॅमेरा त्याच जागी, आप्पा त्याच चालीने. फरक एवढाच, की ते अजून पायवाटेवर आहेत आणि पाणी पडल्याचा आवाज येऊ लागतो. आवाज आधी, चित्र मागून, ही एडिटरची रोजची युक्ती आहे. लग्नाच्या व्हिडिओतही मी वरातीचा बॅन्ड असाच आधी आणते. पण इथे पुढे चित्र द्यायचंच नाही असं मी ठरवलं.

यावर आमचं चांगलंच वाजलं. मुलाचं म्हणणं, चालू मोटर दाखवलीच नाही तर लोकांना कळणार कसं? पाण्याचा शॉट त्याने जीव ओतून घेतला होता, टॉर्च पाण्याखाली धरून. मी त्याला फ्रिट्झ लांगच्या 1931 सालच्या 'एम'ची सुरुवात सांगितली. शाळेतून लेक यायची वेळ झालेली, आई ताट मांडून बसलेली. ती हाक मारते आणि आपल्याला रिकामा जिना दिसतो, माळा दिसतो, रिकामी खुर्ची दिसते. मग गवतातून घरंगळत आलेला एक चेंडू थांबतो, आणि तारांमध्ये अडकलेला फुगा वाऱ्याने सुटून जातो. मुलीचं काय झालं हे दाखवलेलंच नाही. बर्लिनमधल्या त्या आईबरोबर मी दर वेळी ताटापाशी बसून राहते. दाखवलं असतं तर एकदा दचकून मोकळी झाले असते.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे ताई, पण मग दाखवायचं काय?"

आप्पांचा चेहरा. पायवाटेवर थबकलेला, किंचित डावीकडे वळलेला. त्या चेहऱ्यावर मला जी भीती दिसत होती ती कशाने आली असं विचारलं, तर मुलाने सांगितलं की त्या वेळी शेजारच्या शेतातली मोटर खरोखरच सुरू झाली होती आणि आप्पा, ती पाणी नीट ओढतेय की नाही, ते ऐकत होते. खाली आपल्या विहिरीच्या पाण्याचा आवाज घातल्यावर त्याच चेहऱ्यावर माणसाचं सगळं आयुष्य हललेलं दिसलं. आम्ही तो शॉट 7 सेकंद धरला. मुलगा 3 म्हणत होता. सहाव्या सेकंदाला आप्पांचा हात आपसूक बंडीवर जातो, तेवढ्यासाठी 7 हवे होते.

संगीत सगळं काढून टाकलं. त्याऐवजी विहिरीजवळच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण ठेवली. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरमधला लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताण खातो, म्हणून ती गुणगुण 100 हर्ट्झची असते. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर एवढा खालचा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही आणि आमचा निम्म्याहून अधिक प्रेक्षक मोबाईलवरच बघणार. म्हणून त्या सुराच्या वरच्या पट्ट्या, 200 ते 400 च्या, थोड्या उचलल्या. पहिल्या दोन रात्री ती गुणगुण इतकी सतत आहे की कान तिला विसरतो. तिसऱ्या रात्री पाणी ऐकू येण्याआधी मी ती दीड सेकंदासाठी अगदी हलकी खाली घेतली. कान नुसता टवकारतो, कशाने ते कळत नाही.

एक गोष्ट मुलाने स्वतः केली आणि ती मला सुचली नव्हती. शेवटासाठी राखून ठेवलेला एक शॉट होता, खाटेवर झोपलेल्या आप्पांचे तळवे, त्यांवर वाळलेला चिखल. तो त्याने उचलून सुरुवातीला, तिसऱ्या रात्री ते घरून निघण्याच्या आधी आणून ठेवला. शेतकऱ्याच्या तळव्यांना चिखल असतोच, त्यात काय. सिनेमा कुठे जाऊन पोचतो ते इथे सांगत नाही, पण तो शॉट तिथे उघड्यावर ठेवायला हिंमत लागते. आता सुरुवात 2 मिनिटं 50 सेकंदांची झाली होती, 19 शॉट.

संध्याकाळी नाना डबा न्यायला आले. डबा भरलेलाच बघून बोलणार होते, तेवढ्यात मी त्यांना पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. फ्यूज खिशात गेले तेव्हा त्यांनी मान हलवली. दुसऱ्या रात्री ते जरा मागे टेकले. पाण्याचा आवाज आला तेव्हा पुढे झाले, आणि पडदा काळा झाल्यावर वळून माझ्याकडे नाही, त्या मुलाकडे पाहिलं.

"मंग मोटर कोनी चालू करी?"

मुलाने तोंड उघडलं आणि मिटलं. नाना उत्तराची वाट बघत उभे होते. दुपारी ज्या माणसाकडे दोन शब्दांत उत्तर होतं, त्याच्याकडे आता प्रश्न होता, आणि तो मुलगा तो प्रश्न अंगावर घेऊन नुसता हसत होता. मला भरून आलं.

मग नाना म्हणाले, तो आवाज खोटा आहे.

कुठला, तर शेवटचा. आप्पांचा हात बंडीवर जातो, खिशातले फ्यूज एकमेकांवर आपटतात, मग पडदा काळा. तो किणकिणाट आम्ही चहाच्या दोन कपांवर करून घेतला होता. नाना म्हणाले, फ्यूजच्या आत तार असते, पितळेचे पाय असतात, ते असे वाजत नाहीत. मी आवाज पुन्हा ऐकला. त्यांचं बरोबर होतं. फार स्वच्छ होता, पंगतीतल्या भांड्यासारखा.

आमचं शेत आता बटाईने दिलंय, पण नानांचे जुने फ्यूज घरात पेटीत आहेत. ते जाऊन घेऊन आले. रात्री नऊ वाजता आम्ही पंखा बंद केला, संगणक बंद केला, खिडकीला गोधडी लावली. नानांनी बंडी घातली, तीन फ्यूज खिशात टाकले आणि मुलाने माईक त्यांच्या छातीपाशी धरला. पहिल्या वेळी खाली कुणीतरी गाडीला किक मारली. दुसऱ्या वेळी मालगाडी आली, आणि मालगाडी म्हणजे दोन मिनिटं थांबायचं. ती पूर्ण निघून गेली, रुळांचा आवाज विरला, तेव्हा नाना जिन्याच्या तीन पायऱ्या चढले, थबकले आणि खिशावर हात ठेवला.

जाडसर, बुजलेला, एकदाच. तोच सिनेमात आहे.