वर्ग ९४: टॅपची भीड चेपली

वहीत आज ९४ चा आकडा पडला. जिउ-जित्सूचे अकरा महिने, ९४ वर्ग, त्यातले पाच आठवडे कोपराने खाल्ले. पट्टा अजून पांढराच, म्हणजे सगळ्यात खालचा, त्यावर प्रगतीची एक स्ट्राइप, तिचीही टेप कडेने सुटत आलीय.

तंत्राचा हिशेब आधी उरकते. माउंटमधून, म्हणजे वरचा छाती-पोटावर बसलेला असताना, सुटका: ब्रिज (कंबर उचलून उलटवणं) बऱ्यापैकी, कोपर-गुडघा त्याहून बरी. क्लोज्ड गार्डमधून (पाठीवर पडून समोरच्याला पायांत बांधलेलं) सिझर स्वीप, म्हणजे पायांच्या कात्रीने त्याला उलटवणं, माझ्याच वजनाच्या माणसावर चालतो, जड माणसावर नुसतं पाय झाडणं होतं. गार्ड पासचं, म्हणजे समोरच्याचे पाय ओलांडून जाण्याचं, नावच काढू नका. नो-गीला, म्हणजे जाड अंगरख्याविना होणाऱ्या वर्गाला, दोनदाच गेले. धरायला कॉलर नाही म्हटल्यावर हातांना काही कामच सापडत नाही.

आता ज्याबद्दल लिहायचं मनात होतं ते.

मी मुळात भिडस्त. रांगेत कुणी पुढे घुसलं तर एक पाऊल मागे सरून त्याला जागा करून देणाऱ्यांपैकी. जिउ-जित्सू सुरू केलं ते आत्मविश्वास वगैरे कमवायला नाही. पाठ आखडली होती आणि ट्रेडमिलचा वीट आला होता. त्याआधी एका ठिकाणी दोन दिवस जाऊन आले होते. तिथे पहिल्याच संध्याकाळी नवख्यांना जुन्या मुलांसमोर सोडलं आणि बाकीचे कडेला उभे राहून हसत होते. तिसऱ्या दिवशी गेले नाही. त्यावरून एक शिकले: जिम निवडताना भिंतीवरची पदकं बघू नका, तिथला सगळ्यात वरचा पट्टा सगळ्यात कमजोर माणसाबरोबर कसा रोल करतो (सरावाची झुंज खेळतो) ते बघा.

इथे पहिल्या दिवशी माझ्या पट्ट्याची गाठ तीनदा सुटली. एक निळ्या पट्ट्याची ताई काही न बोलता समोर गुडघ्यावर बसली. पट्ट्याचा मध्य बेंबीवर धरला, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणली, एक टोक दोन्ही थरांखालून वर ओढलं आणि गाठ आवळून म्हणाली, "आता सुटली तर दोष पट्ट्याचा." वय विचारलं नाही, इतक्या उशिरा का सुरू केलंस ते विचारलं नाही. नखं मात्र तपासली. वॉर्मअपला श्रिम्पिंग करत, म्हणजे पाठीवर पडून कंबर बाजूला सरकवत, सगळे मॅटच्या पलीकडच्या टोकाला पोचले, तेव्हा मी जिथून निघाले तिथेच घड्याळाच्या काट्यासारखी फिरत होते.

पहिला रोल जांभळ्या, म्हणजे निळ्याच्या वरच्या, पट्ट्याच्या काकांबरोबर झाला. काका माझ्या दीडपट. त्यांनी जोर असा लावलाच नाही, नुसते बसले. माउंटखाली पहिल्यांदा सापडलेल्याला वजन छातीवर येतं असं वाटतं, पण खरं ते येतं श्वासावर. सोडलेला श्वास परत घेता येत नाही, कारण बरगड्यांनी रिकामी केलेली जागा वरच्याने घेतलेली असते. त्यांच्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब लोंबत होता. तो आता पडणार, नेमका डोळ्यात पडणार, एवढंच दिसत होतं. पडला. मी दोन्ही हातांनी त्यांची छाती वर ढकलत राहिले. असे सरळ केलेले हात म्हणजे आर्मबारला, कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीला, आमंत्रणच.

सांगायचं हे की मी टॅप करत नव्हते, म्हणजे पकड बसली की थाप मारून 'सोड' असं सांगत नव्हते. नवखे अहंकारापायी टॅप करत नाहीत असं म्हणतात. असतील तसे. माझं उलट होतं. समोरच्याचं छान चाललंय, त्याला मध्येच थांबवलं तर त्याचा विरस होईल, असं वाटायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत ती स्लिंगचीही निघाली.

वर्ग ३१. आर्मबार. जोडीदार माझ्यासारखाच पांढरा पट्टा, पण शहाणा. हात सरळ केला, थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. त्याने कंबर आणखी बोटभर उचलली. टक. दुखलं नंतर, आवाज आधी आला. मुलगा पांढराफटक पडला, "सॉरी ताई, सॉरी ताई" करत बर्फ आणायला धावला. पुढचे तीन वर्ग तो मला बघून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. कोच माझ्याजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, "हात तुझा, पण तू तो पूर्ण त्याच्यावर सोपवून मोकळी झालीस. टॅप केलं नाहीस तर त्याला कळायचं कसं?" मी स्वतःला सोसणारी समजत होते. त्या पोराला मी दुखापत करणारा बनवून ठेवलं होतं हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी काकांनी किमुराची गोष्ट सांगितली. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानी ज्युदोका मासाहिको किमुराने ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या हेलियो ग्रेसीचा हात पिरगळला. हेलियोने टॅप केलं नाही, शेवटी त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल फेकून हार कबूल केली. ती पकड आज किमुराच्या नावाने ओळखली जाते. जिउ-जित्सूच्या जिममध्ये ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. काकांनी ती सांगून पुढे जोडलं, "हेलियोला टॉवेल फेकणारं कुणी होतं. मंगळवारच्या वर्गात नसतं."

पाच आठवडे रोल बंद. घरी बसायचं ठरवलं होतं, पण कोचनी टायमर हातात दिला आणि मॅटच्या कडेला बसवलं. मला वाटतं मी या जिमची झाले ती तेव्हा. रोल करताना समोर एकच माणूस असतो. कडेला मात्र सगळे येतात: बोटांना टेप गुंडाळायला, पाणी प्यायला, धाप टाकायला. कोण डाव्या गुडघ्याला सांभाळतं, कोण हरल्यावर दोन मिनिटं बोलत नाही, कुणाचा कान नुकताच सुजलाय, सगळं कळत गेलं. येणारा प्रत्येक जण "कोपर काय म्हणतंय?" विचारायचा. तो आर्मबारवाला मुलगाही एकदा येऊन बसला. माझ्याच कोपराकडे बघत म्हणाला, "मी आता थांबल्यावर विचारतो." मी म्हटलं, "आणि मी सांगते."

बाहेरून खेळही वेगळा दिसतो. कोपर बरगडीपासून सुटलं की पुढच्या दहा सेकंदांत काहीतरी बिघडतं, हे आत असताना शंभरदा ऐकलं होतं. कडेला बसून पंधरा राउंड पाहिले तेव्हा पटलं.

परत आले त्या दिवशी काका म्हणाले, "आज जिंकायचं नाही, सुटायचंही नाही. वीस टॅप गोळा करायचे. मोजून." ते पकड लावायचे आणि ती बसली असं वाटताक्षणी मी टॅप करायचं, दुखायची वाट न पाहता. त्यांच्या खांद्यावर, मॅटवर, दोन्ही हात अडकले तर पायाने. शेवटचे पाच नुसते तोंडाने. पहिला तोंडी टॅप मी असा काही केला की शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये. काकांनी पकड लगेच सोडली आणि मग म्हणाले, "कळलं, पण ऐकू नाही आलं." विसाव्याला पलीकडच्या जोडीनेही रोल थांबवून आमच्याकडे पाहिलं.

हा सराव कुणाला पोरकट वाटेल. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला मात्र तो कुठल्याही स्वीपपेक्षा उपयोगी पडला. टॅप केलं, पकड सुटली, हातावर हात मारला, पुन्हा सुरू. थांबवल्याबद्दल कुणाचा चेहरा पडला नाही. असं वीसदा झाल्यावर अंगाला जे कळतं ते नुसतं सांगून कळत नाही. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 'जिता क्योएई' म्हटलंय, दोघांचंही भलं. आपली कला ज्युदोतूनच ब्राझीलला गेली, तेव्हा ते तत्त्व आपल्यालाही लागू.

वर्ग ५८ ला एक आडदांड नवखा माझ्या गळ्यावर कोपर रेटून बसला होता. ती पकड नव्हती, काहीच नव्हतं, नुसती घाई. मी टॅप केलं, उठून बसले आणि म्हटलं, "आधी जागा घे, मग जोर. आणि कोपर गळ्यावर नको." तो म्हणाला, "सॉरी ताई." संपलं. घरी जाताना लक्षात आलं की हे वाक्य मी मनात जुळवून बोलले नव्हते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र अजून तोंड उघडत नाही, उगाच फुशारकी नको.

वर्ग ८१ नंतरच्या रविवारी पहिली स्पर्धा. पांढऱ्या पट्ट्याला पाच मिनिटं. ९–० ने हरले. टेकडाउनचे (खाली पाडण्याचे) दोन, पासचे तीन, माउंटचे चार, सगळे तिचे. पण शेवटच्या मिनिटात मी माउंटखालून तिचा हात अडकवला, त्याच बाजूचा पाय अडकवला आणि खांद्यावरून ब्रिज मारून तिला उलटवलं. कडेला आमच्या जिमची सगळी माणसं इतकी ओरडली की मला वाटलं जिंकलेच. मग फलकाकडे पाहिलं, माझ्या नावापुढे अजून शून्यच. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात स्वीप धरायचा तर सुरुवात गार्ड किंवा हाफ गार्डमधून (समोरच्याचा एकच पाय पायांत अडकवलेला) हवी; माउंटमधून उलटवलं तर गुण नाहीत. अकरा महिन्यांतली माझी सर्वांत देखणी हालचाल, किंमत शून्य! ताईने व्हिडिओ काढला होता. तो मी जितक्यांदा पाहिलाय ते आकडे या वहीत लिहीत नाही.

सध्या हाफ गार्ड. खालून अंडरहुक घ्यायला, म्हणजे वरच्याच्या काखेतून हात घालायला, गेले की डार्स चोक (गळा आवळणारी पकड) बसतो, दर वेळी, त्याच बाजूने. या आठवड्यात एकट्या डार्सला सहा टॅप, सगळे वेळेत. काकांचं म्हणणं, हात जायच्या आधी डोकं वरच्याच्या छातीला भिडलं पाहिजे. माझं डोकं हाताच्या मागून रमतगमत येतं. शनिवारी हात खिशात असल्यासारखे ठेवून नुसतं डोकं भिडवायचं, पंधरा वेळा उजवीकडे. डावीकडचं अजून दिसतच नाही.